घरची पत्रिका

फोननं विचारलं होतं, हे भागीरथेनं कधीच नाकारलं नाही. चांगलं धडधडीत मराठीत विचारलं होतं. ही फाईल अनोळखी ठिकाणची आहे, तुमच्या फोनला धोका होऊ शकतो, तरी घ्यायची का? भागीरथा तेव्हा दुपारची ओसरीत बसून तुरीची डाळ पाखडत होती. तिनं अक्षर अक्षर लावून ते वाचलं आणि तिच्या अंगाचा असा तिळपापड झाला की सूप बाजूला ठेवून ती फोनलाच बोलली, "अनोळखी कायची रे मुडद्या? घरची पत्रिका हाय ते आमच्या!"

आणि तिनं 'हो' दाबलं. फोननं पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा दाबलं. मग तो म्हणाला, याला तुमचे मेसेज वाचू द्यायचे का, तुमच्याजवळचे सगळे नंबर पाहू द्यायचे का. भागीरथेला हसूच आलं. घरच्या माणसाला घरातलं काय पाहू द्यायचं आणि काय नाही, हे आता हा डबडा सांगणार! तिनं भराभरा सगळ्याला हो म्हटलं, फोन कपाळाला लावला आणि पुतणी प्रेरणाच्या नावानं कानशिलावर बोटं मोडली.

तुम्ही म्हणाल, बाई बावळट होती. म्हणा. पण आमच्या घाटंजीकडं पत्रिका म्हणजे काय असते ते आधी ऐकून घ्या. पत्रिका आली आणि उघडली नाही, म्हणजे तुम्ही त्या घरच्या उंबऱ्यावर थुंकलात. पहिले छापील होती तेव्हा बरं होतं, न वाचता कोनाड्यात खुपसली तरी कोणाला कळत नसे. आता फोनवर आली तर पाठवणाऱ्याला निळ्या खुणा दिसतात. कोणी उघडली, कोणी नाही, यावर ओसरीत बैठकी बसतात. गेल्या लग्नसराईत गावातल्या सदाशिवरावानं चुलतभावाच्या घरची पत्रिका उघडायला उशीर केला, तर तो चुलतभाऊ अजून त्याच्या घरचा चहा पीत नाही. आणि ही पत्रिका तर कोणाची? सख्ख्या भासऱ्याच्या पोरीची. भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ, किसनराव डंभारे. माजी सरपंच, भावकीतला कर्ता माणूस. त्यांच्या प्रेरणाचं लग्न दारव्ह्याकडं जमलं होतं आणि पत्रिका आज येते का उद्या, अशी भागीरथा वाटच पाहत होती. फुलांच्या महिरपीत 'शुभविवाह' लिहिलेली ती आली आणि किसनरावांच्याच नंबरवरून आली. ती उघडू नको म्हणणारा फोन कोण?

शिवाय पत्रिका उघडणं हा भागीरथेचा धंदाच होता. नवरा गेल्यावर तिनं लग्नाच्या स्वयंपाकाची कामं धरली. सराईत सावळापूरच्या चार-पाच बाया घेऊन ती गावोगाव जायची. तिच्या हातच्या आलू-वांग्याच्या भाजीसाठी माणसं ज्याच्याशी बोलणं नाही त्याच्याही लग्नाला जाऊन बसत. कामं सगळी फोनवर यायची. आधी पत्रिका, मग विचारणा, मग जिलेबी ठेवायची का बुंदी यावर नवरीच्या आईशी हे लांबलचक बोलणं. टाइप करायचा तिला कंटाळा, ती बोलूनच पाठवायची. तो फोन तिनं स्वतःच्या कमाईतून घेतला होता, आणि तो हातात आल्यापासून काम मागायला तिला कोणाच्या दारी उभं राहावं लागलं नव्हतं. फोन गेला असता तर काम गेलं असतं, इतकं सरळ होतं ते.

पत्रिका काही उघडली नाही. नुसतं एक चाक फिरत राहिलं आणि मग तेही नाहीसं झालं. नेटचं काही खरं नाही, असं म्हणत भागीरथेनं किसनरावांना फोन लावला, तर तो बंद. मग ती पुन्हा डाळीकडं वळली.

दुपार कलली तशी फोनाफोनी सुरू झाली.

"काय वो भागीरथाबाई, लय पक्क्या निघाल्या तुम्ही! नयनचं जमलं अन् आमाले पत्रिकेवरून कळते?"

"कोणतं गाव हाय वो मुलीचं?"

"पत्रिका काही उघडून नाही राह्यली, पण येणार आम्ही. भाजी तुमच्याच हातची पाहिजे बरं!"

भागीरथेनं कोणालाच पत्रिका पाठवली नव्हती. पाठवली होती तिच्या फोननं. फोनमधल्या झाडून साऱ्या नंबरांना, तिच्या नावानं, तीच महिरपवाली पत्रिका गेली होती. आणि भागीरथेच्या एकुलत्या एक पोराची पत्रिका म्हटल्यावर थांबतो कोण? नयन तिशीला टेकला होता. गावाकडच्या पोरांची लग्नं जमता जमत नाहीत, म्हणून त्याच्यासाठी अर्ध्या गावानं कळंबच्या चिंतामणीला नवस बोलून ठेवले होते. लोकांनी आनंदानं उघडली. त्यांच्याही फोननं विचारलंच असेल. त्यांनीही त्याला असंच झापलं असेल.

दुसऱ्या दिवशी गंमत संपली. कोणाचा फोन भाकरीच्या तव्यासारखा तापू लागला, कोणाच्या नावानं व्याह्यांना भलतेच मेसेज गेले, आणि हंसाबाईचं बँकेतलं खातं रिकामं झालं. हंसाबाई ही भागीरथेच्या टोळीतली पोळ्या करणारी. बकऱ्या विकून घरावर टिनं टाकायला तिनं पैसे ठेवले होते. ती येऊन भागीरथेच्या ओसरीत बसली. भांडली असती तर बरं झालं असतं.

"मले वाटलं नयनचं जमलं वं," ती म्हणाली. "मी पेढे आणाले निघालती."

 भागीरथेनं हंसाबाईचे दोन्ही हात धरले आणि ती रडली. 

संध्याकाळी नयन यवतमाळहून आला. तो तिथं मोटरसायकलींच्या शोरूममध्ये होता. सगळीकडून त्याला अभिनंदन येत होतं आणि त्याचं डोकं फिरलं होतं. त्यानं पिशवीतून एक बटनांचा फोन काढून पाटावर ठेवला.

"माय, तो मोठा फोन दे इकडं. आजपासून हा वापर."

"अन् काम?"

"तुले काम पडलं हाय? लोकं मले शिव्या देऊन राह्यले."

त्याच्या पाठोपाठ किसनराव आले. खांद्यावरचा शेला सावरत खाटेवर बसले, पाणी प्यायले, आणि भिंतीकडं पाहून बोलू लागले. लहान भावाच्या बायकोकडं पाहून बोलायची त्यांची रीत नव्हती.

"हे पाह्य, नयनची माय. झालं ते झालं. लोक खवळले हायेत. उद्या सकाळी समाजमंदिरात सगळ्याइले बसवतो. तू तठी इतकंच म्हणजो का मले अनोळखी नंबरवरून आलं, मले काही समजलं नाही, मी दाबून देल्लं. अन् फोन सगळ्याइच्या समोर नयनच्या हातात देजो. बाकीचं मी पाहून घेतो. कोणाची हिंमत नाही मंग तुले बोलाची."

"पण भाऊजी," भागीरथा चाचरत म्हणाली, "ते तं तुमच्याच फोनवरून आलती."

किसनरावांनी पहिल्यांदा मान वळवली. "माझ्या फोनवरून? काहीतरीच काय! फोन बिघडला म्हणजे त्याच्यात कोणाचंबी नाव दिसते. तुले धड वाचता तरी येते काय?"

 मग ते जरा मऊ झाले. "दारव्ह्याचे पाहुणे आधीच नाजूक हायेत. घरातच असा बभ्रा झाला तं पोरीच्या लग्नाले बट्टा लागन. तू नीट वाग, प्रेरणाच्या लग्नाचा सारा स्वयंपाक तुझाच. यवतमाळचा केटरर सांगतला होता, तो नाही म्हणून टाकतो."

ते गेले. भागीरथा चुलीपुढं बसली, पण तिचं मन थाऱ्यावर नव्हतं. खरंच आपल्याला वाचता आलं नसेल का? आपण म्हातारे होत चाललो का? एवढी वर्षं शेकड्यांनी माणसं जेवू घातली, मीठ कधी कमी पडलं नाही, आणि एका बोटानं सगळं घालवलं. ती स्वतःवर चिडली. मग किसनरावांच्या 'धड वाचता येते काय' वर चिडली. त्या चिडण्यानं तिला थोडं बरं वाटलं.

सकाळी बैठकीला अवकाश होता. नयन आंघोळीला गेला तशी भागीरथा फोन कंबरेला खोचून पहिल्या काळीपिवळी जीपमध्ये बसली आणि घाटंजीला अतियाच्या दुकानात जाऊन थडकली.

अतिया ही वाहिदमिस्त्रींची पोरगी. बाप पंप दुरुस्त करायचा, पोरगी मोबाईल दुरुस्त करते. तोंडानं तिखट, पण भागीरथेच्या हातची जिलेबी तिच्या निकाहात होती, त्यामुळं भागीरथेला बसायला स्टूल मिळे. दुकानाचं शटर तिनं नुकतंच वर केलं होतं.

"या काकू. पत्रिकावाल्या ना? कालपासून तुमच्या गावचेच फोन उघडून राह्यली मी."

"हसू नको बाई. मले एकच सांग. हे कोणाकडून आलं? मले वाचता येते का नाही, तेवढं सांग."

अतियानं आधी फोनचं नेट बंद केलं. मग मेसेज वर-खाली केले, महिरपवाली पत्रिका शोधली, वरचं नाव आणि त्याच्या बाजूचा फोटो पाहिला, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अरे, हा तर परवाच..." तिनं जीभ चावली.

"परवा काय?"

"काही नाही काकू."

"अतिया, माझ्या हंसाबाईचं घर उघडं पडलं. परवा काय?"

अतियानं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "परवा सकाळीच तुमचे भासरे आलते. असाच प्रॉब्लेम. त्याइलेबी कोणाची तरी पत्रिका आलती, त्याइनं उघडली. मी पूर्ण साफ करून देल्ला फोन. अन् चांगलं बजावून सांगितलं, काका, साफ व्हायच्या आधी तुमच्या फोनमधून दोन-चार जणाइले तरी हे गेलं असन. आत्ताच्या आत्ता सगळ्याइले फोन करून सांगा का उघडू नका. अन् सायबरवाल्याइले कळवा, जेवढं लवकर कळवान तेवढे लोकाइचे पैसे थांबवता येतात. हो हो म्हणाले अन् गेले."

"परवा," भागीरथा म्हणाली.

"परवा."

म्हणजे तिची पत्रिका त्याच फोनमधून सकाळीच, तो साफ व्हायच्या आधी, निघाली होती. तिनं ती दुपारी उघडली. मधल्या साऱ्या वेळात त्या माणसानं एक शब्द टाकला असता, नुसती एक हाक मारली असती बांधावरून, तर तिनं ती उघडली नसती. हंसाबाई पेढ्यांना निघाली नसती. एक शब्द! आणि तो शब्द गिळून हा माणूस तिच्या घरी येऊन खाटेवर बसतो, तिचं पाणी पितो आणि विचारतो, वाचता येते काय!

 अतियानं पाण्याची बाटली पुढं केली.

"पण एक सांग," भागीरथा पाणी पिऊन म्हणाली. "फोनले माहीत होतं नं हे वंगाळ हाय म्हणून? मंग त्यानं नुसतं इचारलं काहून? मले आडवलं काहून नाही?"

"आडवलं असतं. आडवायसाठी आतमध्ये एक राखण असते. तुमच्या फोनमध्ये ते बंद करून ठेवलेली हाय. कोणी केलं?"

भागीरथेला आठवलं. दिवाळीत नयननं तिच्या फोनवर क्रिकेटचं कसलंसं अॅप टाकलं होतं. ते घुसेना म्हणून बराच वेळ खटपट करत होता. आणि अपडेट आलं की 'डाटा खाते' म्हणून तोच नाही म्हणायचा.

"आमच्या दिवट्यानं," ती म्हणाली.

"तरी सिस्टीमनं इचारायचं सोडलं नाही," अतिया म्हणाली. "ते इचारतेच. पण त्याच्यापुढं त्याचं काही चालत नाही काकू. फोन तुमचा हाय. मालकीण तुम्ही. तुम्ही हो म्हटलं तं तो कोण नाही म्हणणारा?"

भागीरथेनं तो फोन उचलून हातात घेतला. मालकीण. आयुष्यभर तिला कोणी त्या शब्दानं ओळखलं नव्हतं. घर सासऱ्याच्या नावावर, वावर किसनरावाकडं, पोरगा शोरूमचा. आणि हे एक काळं चपटं यंत्र तिला म्हणत होतं, तू सांगशील तसं. मग चूकही मालकिणीची, आणि ती निस्तरायचीही मालकिणीनंच. ती उठली.

"मले शिकव," ती म्हणाली. "ते राखण चालू कर. अपडेट का काय ते कर. अन् कोणत्या प्रश्नाले नाही म्हणाचं ते सांग. लवकर, मले बैठकीले जाचं हाय."

"तक्रार होईपर्यंत हा मेसेज पुसू नका," अतिया म्हणाली. "अन् तक्रारीसाठी दुसऱ्या कोणाच्या फोनवरून लावा. एकोणीसशे तीस."

समाजमंदिरात सतरंज्या टाकून झाल्या होत्या. पुरुष पुढं, बाया मागं भिंतीला. किसनराव मधोमध, त्यांच्या शेजारी किराणावाला देवीलाल आणि सदाशिवराव. भागीरथा आत आली. नयननं धावत येऊन तिचा दंड धरला, "कोठी गेलती तू?" तिनं दंड सोडवून घेतला आणि पुरुषांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. हंसाबाई कोपऱ्यात गुडघ्यात मान घालून बसलेली तिला दिसली. तिच्या बाजूला प्रेरणा होती.

किसनरावांनी घसा साफ केला. गावावर कसं संकट आलं, शिकल्या-सवरल्याशिवाय यंत्र हातात घेऊ नये, बायाइच्या हातात मोठे फोन गेल्यापासून घराघरात काय चाललं आहे, असं बरंच ते बोलले. स्वयंपाकाच्या टोळीतल्या बायांनी यापुढं बटनाचे फोनच वापरावे, असंही त्यांनी सांगून टाकलं. काही पुरुषांनी माना डोलावल्या. "तं नयनची माय," ते भिंतीकडं पाहत म्हणाले, "तुझी चुकी तुले मान्य हाय का?"

"मान्य हाय," भागीरथा म्हणाली. "मी दाबलं. फोन नको नको म्हणत होता, मी त्याले शिव्या देऊन दाबलं. आता अखीन कोणी कोणी दाबलं, ते सांगा."

तिनं पुढच्या रांगेवरून नजर फिरवली.

"सदाशिवराव, तुमचा फोन आपोआप बिघडला काय? तुमच्या फोननंबी इचारलं असन नं?"

सदाशिवराव सतरंजीचे दोरे उपटू लागले. "मले वाटलं नयनचं जमलं," ते पुटपुटले. "मागच्या साली उघडली नाही तं एवढं रामायण झालं. म्हटलं अवंदा पहिले उघडू."

मागून एक बाई फिसकन हसली आणि मग सगळेच हसले. देवीलालनं डोकं खाजवत हात वर केला. "मीनंबी दाबलं बाप्पा. दुकानाच्या फोनवरच दाबलं." मग एकेक हात वर गेला. म्हाताऱ्यांचे, पोरांचे, ज्यांनी आत्ताच माना डोलावल्या होत्या त्यांचेही. कोपऱ्यात हंसाबाईनं मान उचलली आणि तिनंही केला.

"पाहा!" भागीरथा म्हणाली. "मंग बटनाचे फोन सगळेच घ्या. सदाशिवराव, तुमच्यासाठी कोणत्या रंगाचा आणू? का बोट बाईचं असलं तरच ते अडाणी, अन् माणसाचं असलं तं भोळं?"

"भागीरथा!" किसनराव ओरडले. आज पहिल्यांदा ते सरळ तिच्याकडं पाहत होते. "तोंड आवर. लोकं बैठकीले आले हायेत का तमाशाले? सांगून टाक कोणाकडून आलं ते, अन् फोन दे नयनजवळ."

"सांगतो नं," ती म्हणाली. "सांगायलेच उभी हाय. पण इथं सांगून हंसाबाईचे टिनं येत नाहीत. जठी सांगतल्यावर काही होईन, तठी सांगतो. नयन, तुझा फोन आण."

"माय, चाल न घरी. बस झालं."

"दिवाळीत माझ्या फोनमधली राखण कोणी बंद केली रे? ते क्रिकेट कोणाचं होतं?"

नयन कानापर्यंत लाल झाला. तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाला. मग खिशातून फोन काढून त्यानं तिच्या हातात दिला आणि तिच्या बाजूलाच उभा राहिला.

भागीरथेनं नंबर लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडं गाणं वाजू लागलं. समाजमंदिरात पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. किसनराव उठले. शेला खाली पडला तरी त्यांच्या लक्षात आलं नाही.

"नयनची माय, ऐक," ते जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाले. "मले समजलंच नाही काय करावं. मले लाज वाटली. माजी सरपंच मी, लोकं काय म्हणले असते? पोरीच्या लग्नाचा तरी इचार कर."

"बाबा," मागून प्रेरणाचा आवाज आला. ती उभी राहिली होती. "माझ्या लग्नाले मधात आणू नका. तुम्ही परवा फोन दुरुस्त करून आणला, तवा मलेबी काही सांगतलं नाही. काकू, तुम्ही बोला."

फोन लागला. पलीकडं एक मुलगी होती. भागीरथेनं हंसाबाईला पुढं ओढून आणलं, तिचं नाव, तिची बँक, पैसे कधी गेले, सगळं तिच्याच तोंडून सांगायला लावलं. हंसाबाई अडखळली की ती तिच्या पाठीवरून हात फिरवायची. मग मुलीनं विचारलं, ही फाईल यांना कोणाकडून आली?

"माझ्याकडून," भागीरथा म्हणाली.

"आणि तुम्हाला?"

"आमच्या घरातूनच आली."

"नाव सांगा."

 डंभाऱ्यांच्या घरात सून भासऱ्याचं नाव घेत नाही. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं सांगितलेली ती पहिली गोष्ट होती, आणि तिनं ती अशी पाळली होती की फोनमध्येही त्यांचा नंबर 'प्रेरणाचे बाबा' म्हणून ठेवला होता. शिधापत्रिकेच्या कामाला गेली तरी ती त्यांच्या नावावर बोट ठेवायची आणि कारकुनाला वाचायला लावायची. भिंतीला टेकलेल्या साऱ्या म्हाताऱ्या तिच्याकडं पाहत होत्या.

"हॅलो? नाव सांगता का?"

भागीरथेनं डोक्यावरचा पदर नीट केला. किसनरावांच्या डोळ्यांत पाहिलं.

"किसनराव महादेवराव डंभारे," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "सावळापूर, तालुका घाटंजी. ल्ह्यलं का बाई? आता त्याच्या खाली माझं ल्ह्य. भागीरथा बापूराव डंभारे. फोन माझा हाय, अन् दाबलं मीच."